पेशीश्वसनातील पटलस्थित विकरे : रचना, कार्य आणि उपयोजन

गोषवारा

पेशीश्वसनाचा अखेरचा आणि सर्वाधिक ऊर्जा देणारा टप्पा तंतुकणिकेच्या अंतःपटलात घडतो. या पटलात रुतलेली पाच मोठी विकर-संकुले इलेक्ट्रॉनांचे वहन, प्रोटॉनांचे स्थलांतर आणि ए.टी.पी.ची निर्मिती ही तीन कार्ये परस्परांशी जोडून पार पाडतात. प्रस्तुत लेखात या संकुलांची रचना व कार्यपद्धती यांचा परामर्श घेतला असून, एका ग्लुकोज रेणूपासून मिळणाऱ्या ए.टी.पी.च्या संख्येबाबत अध्यापनात रूढ असलेल्या आकड्याची चिकित्सा केली आहे. तसेच क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या उदाहरणाने या मूलभूत ज्ञानाचे उपयोजन स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : पेशीश्वसन, तंतुकणिका, अंतःपटल, श्वसनशृंखला, प्रोटॉन-प्रेरक बल, ए.टी.पी. सिंथेज, बेडाक्विलिन.

१. प्रस्तावना

विश्रांत अवस्थेतील प्रौढ मनुष्य दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३६० लीटर ऑक्सिजन वापरतो. हा ऑक्सिजन सुमारे १६ मोल इतका भरतो. ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूमागे सुमारे पाच ए.टी.पी. रेणू तयार होतात असे धरल्यास दिवसाकाठी ८० मोल ए.टी.पी. निर्माण होतो. त्याचा रेणुभार सुमारे ५०७ असल्याने हे वस्तुमान ४० किलोग्रॅमच्या घरात जाते. प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी शरीरात असणारा ए.टी.पी.चा साठा मात्र काही दशक ग्रॅमांपासून फार तर दोन-अडीचशे ग्रॅमांपर्यंतच असतो. याचा अर्थ असा की, ए.टी.पी.चा प्रत्येक रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडला जातो आणि पुन्हा घडवला जातो. ही पुनर्घडण काही मिनिटे जरी थांबली तरी मेंदू आणि हृदय यांचे कार्य कोलमडते. श्वास कोंडल्याने किंवा सायनाइडच्या विषबाधेने येणारा मृत्यू हा रेणवीय पातळीवर या पुनर्घडणीच्याच खंडाचा परिणाम होय.

ए.टी.पी. या संयुगाचा शोध १९२९ मध्ये लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी, तर अमेरिकेतील हार्वर्ड येथे सायरस फिस्के आणि भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते स्वतंत्रपणे वेगळे केले. मात्र हे संयुग श्वसनाच्या वेळी नेमके कसे घडते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. या विलंबाचे एक महत्त्वाचे कारण असे की, संशोधक हे उत्तर द्रावणातील रसायनांत शोधत होते, आणि ते दडलेले होते पटलाच्या रचनेत.

२. अंतःपटल : केवळ भिंत नव्हे

तंतुकणिकेला दोन पटले असतात. बाह्यपटलात पोरिन नावाच्या प्रथिनांची छिद्रे असल्याने लहान रेणू त्यातून सहज ये-जा करतात. अंतःपटल याच्या अगदी उलट स्वभावाचे असते. आयन आणि बहुतेक ध्रुवीय रेणू त्यातून आपोआप जाऊ शकत नाहीत. विशेष म्हणजे प्रोटॉनही जाऊ शकत नाही. या पटलाच्या वजनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग प्रथिनांचा असतो. उरलेल्या मेदांमध्ये कार्डिओलिपिन हा चार मेदाम्ल-शृंखला असणारा विशेष मेद आढळतो. श्वसनशृंखलेतील अनेक संकुलांच्या स्थैर्यासाठी तो आवश्यक असतो.

अंतःपटलाला आतल्या बाजूस असंख्य घड्या पडलेल्या असतात. या घड्यांना शिखा म्हणतात. १९५० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे स्पष्ट दर्शन घडवले. शिखांमुळे पृष्ठफळ वाढते, एवढेच कारण पाठ्यपुस्तकांत बहुधा दिलेले असते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. ए.टी.पी. सिंथेज हे विकर जोडी-जोडीने शिखांच्या कडांवर रांगेत बसलेले असते आणि या रांगाच पटलाला वाकवून शिखेचा आकार देण्यास हातभार लावतात, असे अलीकडच्या सूक्ष्मदर्शीय अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे येथे रचना कार्याला आधार देते, आणि कार्य करणारे विकरच ती रचना घडवते.

३. श्वसनविकराच्या शोधाची पूर्वपीठिका

ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात श्वसनास कारणीभूत असणाऱ्या विकराचा शोध घेतला. कार्बन मोनॉक्साइडमुळे यीस्टचे श्वसन मंदावते, परंतु प्रकाश टाकल्यास ते पूर्ववत होते, हे त्यांच्या लक्षात आले. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परिणामकारक ठरतो याचे मोजमाप करून त्यांनी हे विकर लोहयुक्त हीम वर्गातील असल्याचे दाखवून दिले. विकर शुद्ध स्वरूपात हाती नसताना केवळ प्रकाशाच्या साहाय्याने त्याचे स्वरूप ओळखण्याचा हा प्रयोग जैवरसायनशास्त्राच्या इतिहासात अनन्यसाधारण मानला जातो. या कार्याबद्दल त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९२५ मध्ये डेव्हिड कीलिन यांनी केंब्रिज येथे कीटकांच्या उड्डाण-स्नायूंत आणि यीस्टमध्ये श्वसनाबरोबर वर्णपट बदलणारी रंगद्रव्ये पाहिली आणि त्यांना सायटोक्रोम हे नाव दिले.

पुढे यूजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सिडीभवनाशी निगडित ए.टी.पी. निर्मिती तंतुकणिकेत होते हे सिद्ध केले. १९६० च्या दशकाच्या आरंभी डेव्हिड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांपासून श्वसनशृंखलेची चार संकुले वेगवेगळी केली. आजही वापरात असलेले पहिले ते चौथे हे अनुक्रमांक याच काळातील आहेत.

४. चार संकुलांची रचना व कार्य

अन्नाच्या विघटनातून निघालेले इलेक्ट्रॉन एन.ए.डी.एच. किंवा सक्सिनेट यांच्याकडून ऑक्सिजनपर्यंत पोहोचवणे हे या संकुलांचे काम होय. एन.ए.डी.एच.चे प्रमाण क्षपण-विभव उणे ०.३२ व्होल्ट, तर ऑक्सिजनचे अधिक ०.८२ व्होल्ट असते. या १.१४ व्होल्टच्या फरकातून इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक मोल-जोडीमागे सुमारे २२० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती एकदम मोकळी झाली असती, तर तिचे केवळ उष्णतेत रूपांतर झाले असते. पायऱ्यापायऱ्यांनी उतरल्यामुळेच ती कामी लावता येते.

पहिले संकुल, म्हणजे एन.ए.डी.एच. डीहायड्रोजनेज, हे सर्वांत मोठे आहे. सस्तन प्राण्यांत ते ४५ उपएककांचे असून त्याचा रेणुभार दहा लाख डाल्टनच्या जवळपास भरतो. त्याचा आकार रोमन लिपीतील 'एल' अक्षरासारखा असतो. एक भुजा पटलात आडवी रुतलेली असते, तर दुसरी आधारकात डोकावते. एन.ए.डी.एच.कडून आलेले इलेक्ट्रॉन प्रथम एफ.एम.एन. या सहविकराकडे आणि तेथून लोह-गंधक पुंजक्यांच्या साखळीतून युबिक्विनोनकडे जातात. लागोपाठच्या दोन केंद्रांमधील अंतर बहुधा १.४ नॅनोमीटरपेक्षा कमी असते. इलेक्ट्रॉन एका केंद्रावरून दुसऱ्यावर पुंजयामिकीय सुरंगक्रियेने जातो, आणि अंतर याहून वाढल्यास या क्रियेचा वेग झपाट्याने घटतो. प्रथिनाची घडण ही केंद्रे नेमक्या अंतरावर धरून ठेवण्यासाठी असते, असे म्हणता येईल. दोन इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासाबरोबर चार प्रोटॉन आधारकातून बाहेर ढकलले जातात. ज्या ठिकाणी युबिक्विनोनचे क्षपण होते, तेथून सर्वांत दूरचा प्रोटॉन-मार्ग बराच लांब असतो. इतक्या अंतरावर परिणाम कसा पोहोचतो याबाबत संशोधकांत आजही मतभेद आहेत.

दुसरे संकुल म्हणजे सक्सिनेट डीहायड्रोजनेज. ते एकाच वेळी क्रेब्ज चक्राचे आणि श्वसनशृंखलेचेही विकर आहे. चक्रातील इतर विकरे आधारकात विरघळलेली असताना हे एकटेच पटलात रुतलेले असते. त्यात एफ.ए.डी. हे सहविकर, तीन लोह-गंधक पुंजके आणि एक हीम असते. हे संकुल प्रोटॉन बाहेर टाकत नाही. या मार्गाने येणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून कमी ए.टी.पी. मिळण्याचे कारण येथेच आहे. एफ.ए.डी.एच. हा मुक्तपणे फिरणारा वाहक नसून तो विकराशी सहसंयुज बंधाने जोडलेला असतो, ही बाबही अध्यापनात अनेकदा निसटते.

तिसरे संकुल, सायटोक्रोम बी-सी१, नेहमी जोडीने आढळते. येथे युबिक्विनॉलचे दोन इलेक्ट्रॉन दोन निरनिराळ्या वाटांनी जातात. एक इलेक्ट्रॉन लोह-गंधक प्रथिनाकडून सायटोक्रोम सी१ आणि पुढे सायटोक्रोम सी याकडे जातो. दुसरा सायटोक्रोम बी मधील दोन हीमांमधून पटलाच्या आतल्या बाजूस परततो आणि तेथे दुसऱ्या क्विनोन रेणूचे क्षपण करतो. क्यू-चक्र या नावाने परिचित असलेली ही योजना पीटर मिचेल यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास मांडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळालेल्या स्फटिक-रचनांनी तिला भक्कम आधार दिला. लोह-गंधक प्रथिनाचे टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी झुलून इलेक्ट्रॉन पोहोचवते, असेही या रचनांतून स्पष्ट झाले.

चौथे संकुल, सायटोक्रोम ऑक्सिडेज, हे वारबुर्ग यांनी शोधलेले श्वसनविकरच होय. त्यात दोन हीम आणि दोन ताम्र-केंद्रे असतात. ऑक्सिजनचा रेणू हीम ए३ आणि त्यालगतचे ताम्र-केंद्र यांच्या मध्ये धरला जातो आणि चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन मिळून त्याचे पाण्याच्या दोन रेणूंत रूपांतर होते. अर्धवट क्षपित झालेला ऑक्सिजन पेशीला घातक असतो. क्षपण पूर्ण होईपर्यंत त्याला घट्ट धरून ठेवणे हे या विकराचे मोठेच कौशल्य आहे. याशिवाय प्रत्येक ऑक्सिजन रेणूमागे आणखी चार प्रोटॉन पटलापलीकडे जातात, हे मोर्टेन विक्स्ट्रम यांनी १९७७ मध्ये दाखवले. १९९५ मध्ये या विकराची स्फटिक-रचना जपानमध्ये बैलाच्या हृदयातील नमुन्यावरून आणि जर्मनीत एका जिवाणूच्या नमुन्यावरून अशी जवळजवळ एकाच वेळी उलगडली.

मानवी तंतुकणिकेच्या स्वतःच्या डी.एन.ए.मध्ये केवळ १३ प्रथिनांची माहिती साठवलेली असते. यांपैकी सात पहिल्या संकुलात, एक तिसऱ्यात, तीन चौथ्यात आणि दोन ए.टी.पी. सिंथेजमध्ये असतात. म्हणजेच ही तेराही प्रथिने अंतःपटलातील याच यंत्रणेची आहेत. उर्वरित उपएककांची माहिती केंद्रकात असल्याने ही संकुले दोन जनुकसंचांच्या सहकार्यातून उभी राहतात. या सहकार्यात दोष निर्माण झाल्यास आनुवंशिक विकार उद्भवतात. तरुण वयात दृष्टी हिरावून घेणाऱ्या लेबर नेत्रचेता-विकाराचे कारण पहिल्या संकुलातील एका अमिनो आम्लाच्या बदलात असल्याचे डग्लस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले. तंतुकणिकेचा डी.एन.ए. आईकडून येत असल्याने हे उत्परिवर्तनही मातृवंशानेच संक्रमित होते.

५. मिचेल यांचा सिद्धान्त आणि त्याची कसोटी

इलेक्ट्रॉन-वहन आणि ए.टी.पी.-निर्मिती यांना जोडणारा दुवा कोणता, हा १९५० च्या दशकातील कळीचा प्रश्न होता. एखादे ऊर्जासमृद्ध मध्यस्थ संयुग हा दुवा असावा, असा बहुतेकांचा समज होता. त्या संयुगाचा शोध अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे घेतला, परंतु ते कोणाच्याही हाती लागले नाही. शिवाय एक अडचण सतत जाणवत असे. तंतुकणिकेचे पटल फाटले की इलेक्ट्रॉन-वहन चालू राही, परंतु ए.टी.पी. तयार होणे थांबे.

१९६१ मध्ये मिचेल यांनी सुचवले की असे कोणतेही संयुग नाही. इलेक्ट्रॉन-वहनाच्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या एका बाजूस जमा होतात. त्यामुळे निर्माण होणारा आम्लतेतील आणि विद्युत्-विभवातील फरक, म्हणजेच प्रोटॉन-प्रेरक बल, हाच तो दुवा होय. हा फरक एकूण ०.२ व्होल्टच्या आसपास असतो. आकडा लहान वाटला तरी पटलाची जाडी जेमतेम पाच ते सहा नॅनोमीटर असल्याने तेथील विद्युत्-क्षेत्राची तीव्रता दर मीटरला सुमारे तीन कोटी व्होल्टपर्यंत जाते. पटल फाटले की ए.टी.पी.-निर्मिती का थांबते, याचे उत्तर यातून सहज मिळते, कारण बांध फुटल्यावर पाणी साठून राहत नाही.

हा विचार प्रारंभी फारसा स्वीकारला गेला नाही. प्रकृतीच्या कारणास्तव विद्यापीठ सोडून मिचेल यांनी कॉर्नवॉल परगण्यात ग्लिन हाउस येथे छोटी प्रयोगशाळा उभारली आणि जेनिफर मॉयल यांच्या सहकार्याने तेथे प्रयोग चालू ठेवले. निर्णायक ठरलेला एक प्रयोग १९७४ मध्ये एफ्राइम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी केला. त्यांनी सोयाबीनमधील मेदांच्या कृत्रिम पुटिका तयार केल्या. त्यांत प्रकाशाच्या ऊर्जेवर प्रोटॉन ढकलणारे जिवाणूतील एक प्रथिन आणि बैलाच्या हृदयातील ए.टी.पी. सिंथेज बसवले. प्रकाश पडताच पुटिकांत ए.टी.पी. तयार होऊ लागला. एक प्रथिन जिवाणूचे, दुसरे बैलाचे आणि मेद वनस्पतीचा. त्यांच्यात प्रोटॉनांखेरीज कोणताही रासायनिक दुवा संभवत नव्हता. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

६. ए.टी.पी. सिंथेज : फिरणारे विकर

पाचवे संकुल म्हणून गणले जाणारे ए.टी.पी. सिंथेज दोन भागांचे असते. एफ-ओ हा भाग पटलात रुतलेला असून त्यात सी-उपएककांचे वर्तुळाकार कडे असते. एफ-१ हा भाग आधारकात डोकावतो. त्यात अल्फा आणि बीटा हे प्रत्येकी तीन उपएकक संत्र्याच्या फोडींप्रमाणे आलटून-पालटून बसलेले असतात आणि त्यांच्या मधोमध गॅमा-उपएककाचा आस असतो. एफ-ओ या नावातील 'ओ' हे अक्षर शून्य नसून ऑलिगोमायसिन या निरोधकाचे आद्याक्षर आहे.

बाहेरून येणारा प्रोटॉन एका अर्ध-मार्गाने पटलाच्या मध्यापर्यंत येतो आणि सी-उपएककावरील एका आम्लधर्मी अमिनो आम्लास जोडला जातो. कडे जवळजवळ एक पूर्ण फेरी फिरल्यानंतर तो दुसऱ्या अर्ध-मार्गाने आधारकात उतरतो. कड्याबरोबर गॅमा-आस फिरतो आणि त्याच्या असमान आकारामुळे तीन बीटा-उपएककांची रूपे क्रमाने बदलत जातात. पॉल बॉयर यांच्या मांडणीनुसार प्रत्येक बीटा-उपएकक शिथिल, घट्ट आणि खुले अशा तीन अवस्थांतून जाते. घट्ट अवस्थेत ए.टी.पी. जवळजवळ आपोआप घडतो. ऊर्जा प्रामुख्याने खर्च होते ती तयार झालेला ए.टी.पी. सोडून देण्यासाठी. जॉन वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एफ-१ ची स्फटिक-रचना प्रसिद्ध केली, तेव्हा तिन्ही बीटा-उपएकक खरोखरच वेगवेगळ्या अवस्थांत आढळले. बॉयर आणि वॉकर यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला. त्याच वर्षी जपानमधील संशोधकांनी गॅमा-आसाला ॲक्टिनचा चकाकणारा तंतू जोडून ए.टी.पी.च्या विघटनाबरोबर तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला.

७. अडतीसचा आकडा : अध्यापनातील एक प्रश्न

एका ग्लुकोज रेणूपासून ३८ किंवा ३६ ए.टी.पी. मिळतात, हे विधान अनेक पिढ्यांनी पाठ केले आहे. यामागील हिशेब असा : दहा एन.ए.डी.एच.पासून प्रत्येकी तीन, दोन एफ.ए.डी.एच.पासून प्रत्येकी दोन आणि थेट मिळणारे चार. हा हिशेब ज्या काळी रूढ झाला, त्या काळी ऊर्जासमृद्ध मध्यस्थ संयुगाची कल्पना प्रचलित होती. रासायनिक दुव्यात संख्या पूर्णांकी असणे क्रमप्राप्तच होते. मिचेल यांच्या सिद्धान्तानंतर मात्र ही अट उरली नाही.

एन.ए.डी.एच.च्या दोन इलेक्ट्रॉनांमागे पहिल्या संकुलात चार, तिसऱ्यात चार आणि चौथ्यात दोन असे दहा प्रोटॉन बाहेर जातात. सक्सिनेटच्या बाबतीत ही संख्या सहा असते. सस्तन प्राण्यांच्या ए.टी.पी. सिंथेजच्या कड्यात आठ सी-उपएकक असतात, म्हणून एका फेरीस आठ प्रोटॉन लागतात आणि त्यातून तीन ए.टी.पी. घडतात. याशिवाय ए.डी.पी. व फॉस्फेट आत आणण्यासाठी आणि ए.टी.पी. बाहेर नेण्यासाठी प्रत्येक ए.टी.पी.मागे एका प्रोटॉनाइतका खर्च येतो. म्हणजे एका ए.टी.पी.ची किंमत सुमारे ३.७ प्रोटॉन होते. ढोबळमानाने ती चार धरल्यास एन.ए.डी.एच.पासून २.५ आणि सक्सिनेटपासून १.५ ए.टी.पी. मिळतात. तंतुकणिकेतील आठ एन.ए.डी.एच.चे २०, दोन एफ.ए.डी.एच.चे ३, पेशीद्रवातील दोन एन.ए.डी.एच.चे वाहतुकीच्या मार्गानुसार ३ किंवा ५ आणि थेट मिळणारे ४, अशी बेरीज ३० किंवा ३२ येते.

हा आकडाही सर्वत्र सारखा नसतो. यीस्टच्या कड्यात दहा सी-उपएकक असल्याने त्याला प्रत्येक ए.टी.पी.साठी अधिक प्रोटॉन खर्चावे लागतात. शिवाय काही प्रोटॉन पटलातून झिरपतात. नवजात बालकांच्या तपकिरी मेद-ऊतीत तर एक विशिष्ट प्रथिन त्यांना मुद्दाम वाट करून देते आणि त्यातून ऊब निर्माण होते. ३८ ऐवजी ३२ लिहिणे एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. पूर्णांकी आकडा पाठ करणारा विद्यार्थी श्वसनाकडे रासायनिक समीकरण म्हणून पाहतो. प्रोटॉन मोजणारा विद्यार्थी त्यातील पटल पाहतो. नंतर येणारी विषे, औषधे आणि विकार यांचे आकलन दुसऱ्यालाच होऊ शकते.

८. निरोधक : विषापासून औषधापर्यंत

या यंत्रणेचा प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या पदार्थाने अडवता येतो. काही वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे रोटेनोन पहिले संकुल रोखते, तर अँटिमायसिन तिसरे. सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड चौथ्या संकुलातील हीम-ताम्र केंद्रास चिकटतात. ऑलिगोमायसिन ए.टी.पी. सिंथेजचे कडे अडवते. डायनायट्रोफिनॉलची तऱ्हा निराळी आहे. ते कोणतेही विकर रोखत नाही, तर स्वतः प्रोटॉन घेऊन पटलाच्या आरपार जाते. परिणामी अन्न जळत राहते, पण ए.टी.पी. घडत नाही आणि शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढते. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन घटवण्यासाठी ते सर्रास वापरले गेले. मोतीबिंदू आणि मृत्यू यांच्या घटनांनंतर १९३८ पर्यंत त्याचा हा वापर तेथे बंद करावा लागला.

विषाचे औषधात रूपांतर होण्यासाठी एकच अट असते : रोगजंतूचे विकर आणि मानवी विकर यांत पुरेसा फरक असला पाहिजे. क्षयरोगाच्या जिवाणूत तंतुकणिका नसतात. त्याची श्वसनविकरे त्याच्या पेशीपटलातच असतात. कोन अँड्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एका नव्या संयुगाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे बेडाक्विलिन या नावाने ओळखले गेलेले हे संयुग क्षयजंतूच्या ए.टी.पी. सिंथेजच्या सी-कड्यावर, प्रोटॉन जेथे जोडला जातो नेमक्या त्या जागी बसते आणि कड्याचे फिरणे थांबवते. मानवी विकरावर त्याचा परिणाम त्या मानाने फारच कमी होतो. औषधास दाद न देणाऱ्या जिवाणूंचे जनुक तपासले असता सी-उपएककाच्या जनुकातच बदल आढळले आणि त्यावरून औषधाचे लक्ष्य निश्चित झाले.

या औषधाचे विशेष महत्त्व असे की, क्षयजंतू शरीरात दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहू शकतो. त्या काळात तो विभाजित होत नसल्याने पेशीभित्तीची निर्मिती रोखणारी औषधे त्याच्यावर फारशी चालत नाहीत. परंतु सुप्त जंतूलाही जिवंत राहण्यासाठी थोडा का होईना, ए.टी.पी. लागतोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१२ मध्ये या औषधास मान्यता दिली.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध जवळचा आहे. २०११ च्या अखेरीस मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, चाचणी केलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि औषध-प्रतिरोधाच्या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. भारतात २०१६ मध्ये बेडाक्विलिन मोजक्या केंद्रांवर सशर्त उपलब्ध झाले. त्यांत मुंबईचा समावेश होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रतिरोधी क्षयावरील औषधांच्या अग्रक्रमाच्या गटात त्याची गणना केली. त्यामुळे बहिरेपणासारखे दुष्परिणाम करणाऱ्या इंजेक्शनांवरील अवलंबित्व कमी होऊ लागले. या औषधावरील एकाधिकार वाढवून मिळावा यासाठी केलेला एक अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्या अर्जास हरकत घेणाऱ्यांत, क्षयाच्या उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन या होत्या. २०२४ मध्ये केंद्र शासनाने बेडाक्विलिनचा समावेश असलेल्या सहा महिन्यांच्या, पूर्णतः तोंडावाटे घ्यावयाच्या उपचारपद्धतीस मान्यता दिली. दीड ते दोन वर्षांच्या जुन्या उपचारांच्या तुलनेत रुग्णाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

तथापि जिवाणूही स्वस्थ बसत नाही. बेडाक्विलिनला दाद न देणारे क्षयजंतू आढळू लागले आहेत. त्यांपैकी बऱ्याच जंतूंत सी-उपएकक मूळ स्वरूपातच असते. औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या दुसऱ्या एका पटल-प्रथिनाचे प्रमाण मात्र वाढलेले असते. क्षयजंतूच्या तिसऱ्या संकुलाला रोखणाऱ्या टेलासेबेक या संयुगावरही संशोधन झाले आहे. परंतु या जंतूकडे सायटोक्रोम बीडी नावाचे पर्यायी ऑक्सिडेज असल्याने तो एक वाट बंद झाल्यावर दुसरी धरतो. त्यामुळे पुढील औषधांचा विचार करताना एकेका विकराऐवजी संपूर्ण श्वसनशृंखलेचा विचार करणे अपरिहार्य ठरते.

९. समारोप

पेशीश्वसनातील पटलस्थित विकरांच्या अभ्यासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, पटल हे या विकरांचे केवळ आश्रयस्थान नसून त्यांच्या कार्याचा अविभाज्य घटक आहे. पटलाविना इलेक्ट्रॉन वाहतील, पण ए.टी.पी. घडणार नाही. दुसरी अशी की, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि ए.टी.पी. यांचा हिशेब विकरांच्या प्रत्यक्ष रचनेवरून मांडता येतो. म्हणून पदवी स्तरावर अंतिम आकड्यापेक्षा हा हिशेब शिकवणे अधिक उपयुक्त ठरेल. वर दिलेला दिवसाकाठी ४० किलोग्रॅम ए.टी.पी.चा हिशेबदेखील वर्गात फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येण्याजोगा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही. तिसरी बाब अशी की, बैलाच्या हृदयातील तंतुकणिका आणि यीस्ट यांवर झालेले, तत्काळ उपयोग न दिसणारे संशोधन अनेक दशकांनंतर क्षयरोगावरील औषधाचे कार्य समजून घेण्यास उपयोगी पडले. विकराचे कडे कसे फिरते हे ठाऊक असल्यामुळेच औषध ते कसे अडवते हे समजू शकले. मूलभूत विज्ञानाच्या अध्यापनाचे प्रयोजन विद्यार्थ्यांसमोर मांडण्यासाठी याहून समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल.